अस्थी, पाणी आणि भूमी : कोरियातील राजदफनस्थळे व मराठा समाधिस्थळे यांच्या स्थाननिवडीचा तौलनिक विचार

प्रस्तावना

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरील सोमाटणे फाट्यापासून तळेगाव दाभाडे हे गाव अगदी जवळ आहे. उत्तरेला इंद्रायणी आणि दक्षिणेला पवना अशा दोन नद्यांच्या मधल्या या पट्ट्यात अठराव्या शतकात सेनापती दाभाडे घराण्याचे ठाणे होते. शाहू महाराजांनी इ.स. १७१७ मध्ये खंडेराव दाभाडे यांना सेनापतिपद दिले. १७२९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची आणि त्यांच्या पत्नी उमाबाई दाभाडे यांची समाधी तळेगावात बनेश्वर मंदिराच्या परिसरात आहे. ही स्थळे पाहायला विद्यार्थ्यांना घेऊन गेले असता एक प्रश्न हमखास विचारला जातो : समाधीसाठी हीच जागा का निवडली? त्याचे उत्तरही बहुधा विचारणाऱ्याकडे तयार असते. पूर्वीचे लोक वास्तुशास्त्र पाहूनच सारे करीत, असे ते उत्तर असते.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत वास्तुसल्लागारांचा आणि दिवाणखान्यातील हसऱ्या बुद्धाचा जो सुकाळ झाला आहे, त्याचा हा परिणाम असावा. परंतु प्रश्न गंभीर आहे आणि त्याचे उत्तर पुराव्यानेच दिले पाहिजे. मृत राजाला कोठे ठेवावे याचा निर्णय भूमीची लक्षणे पाहून करणारी आणि तो निर्णय लेखी नोंदवून ठेवणारी एक राजसत्ता आशियात खरोखरच होऊन गेली. ती म्हणजे कोरियातील जोसन राजवट (१३९२ ते १९१०). तेथील पद्धत नीट समजून घेतली, तर मराठा समाधींच्या जागा कोणत्या तत्त्वाने ठरल्या आणि कोणत्या तत्त्वाने ठरल्या नाहीत, हे अधिक स्पष्ट होईल. प्रस्तुत लेखात तसा प्रयत्न केला आहे.

पुंगसू : वारा आणि पाणी

कोरियन भाषेत भूलक्षणविद्येला 'पुंगसू' म्हणतात. हा शब्द चिनी 'फेंगशुई'चेच कोरियन रूप असून त्याचा अर्थ वारा आणि पाणी असा आहे. आपल्याकडे फेंगशुई म्हणजे घरातील आरसे, पलंग आणि घंटा यांची मांडणी असा समज झाला आहे. मूळ विद्या तशी नाही. चौथ्या शतकातील चिनी पंडित ग्वो पू यांच्या नावावर असलेला जो ग्रंथ या विद्येचा आधार मानला जातो, तो दफनाविषयीचा आहे. म्हणजे जिवंतांच्या घरापेक्षा मृतांच्या घराचा विचार येथे आधी आला. वास्तुविद्येची सवय असलेल्या आपल्या वाचकाने हा फरक मुद्दाम ध्यानात ठेवावा.

या विद्येची धारणा थोडक्यात अशी आहे. भूमीच्या पोटात एक जीवनशक्ती वाहते. चिनी भाषेत तिला 'ची' आणि कोरियन भाषेत 'गी' म्हणतात. ती डोंगरांच्या रांगांमधून, जणू शरीरातील शिरांमधून, पुढे सरकत जाते. वारा लागला की ती विखुरते आणि पाणी आडवे आले की थांबते. म्हणून जेथे डोंगरांनी वारा अडवला आहे आणि पुढून पाणी वाहते आहे अशी जागा शोधायची. तेथे शक्ती साठते. नेमक्या बिंदूला 'ह्यॉल' म्हणतात. वैद्यकात सुई टोचण्याच्या मर्मबिंदूलाही हाच शब्द आहे. त्या बिंदूसमोरील मोकळ्या, उजळ सपाटीला 'म्यंगदांग' असे नाव आहे. अशा जागेच्या चार बाजूंना चार रक्षक कल्पिले जातात : पाठीशी काळे कासव, डाव्या हाताला निळा नाग, उजव्या हाताला पांढरा वाघ आणि समोर तांबडा पक्षी. यांपैकी कासव, नाग आणि वाघ या तीन टेकड्या जागेला कवेत घेतात. समोरची टेकडी बुटकी आणि नम्र असावी लागते.

आता मुख्य मुद्दा. मृताच्या हाडांना ही शक्ती मिळाली की ती त्याच्या वंशजांपर्यंत पोहोचते, कारण वडील आणि मुलगा यांच्यात एकच शक्ती वाहत असते. एक तार छेडली असता दुसरी वाजावी, तसा हा संबंध मानला गेला. त्यामुळे थडग्याची जागा हा मृताच्या सद्गतीचा विषय राहत नाही. तो जिवंतांच्या भवितव्याचा विषय होतो. राजाच्या बाबतीत तर तो राज्याच्या भवितव्याचा विषय होतो. हाडे न विस्कटता, कोरडी आणि अखंड जमिनीत राहिली पाहिजेत ही या साऱ्या इमारतीची पायाभूत अट आहे. ही अट काढून टाकली तर पुंगसूचे थडग्यापुरते तरी काहीच उरत नाही.

कोरियात या विद्येचे आद्यत्व नवव्या शतकातील दोसॉन (८२७ ते ८९८) या बौद्ध भिक्षूकडे दिले जाते. गोर्यो राजवटीचा संस्थापक वांग गॉन याने इ.स. ९४३ मध्ये वारसांसाठी ठेवलेल्या दहा उपदेशांत दोसॉनच्या भूलक्षणांचा हवाला आहे. दोसॉनशी जोडली जाणारी एक कल्पना विशेष रोचक आहे. भूमीत दोष असेल तर ती सोडून न देता तिच्यावर उपचार करायचा. एखादा मनोरा, एखादी राई किंवा एखादा मातीचा उंचवटा उभारून उणीव भरून काढायची. सोल शहराच्या पूर्वेची टेकडी, म्हणजे निळा नाग, ठेंगणी पडते. म्हणून पूर्व दरवाजाच्या नावात एक अक्षर अधिक घातले असे परंपरा सांगते. अक्षराने टेकडी उंच होते काय, असे आपण हसून विचारू शकतो. पण मंगल कार्यालयाच्या नावात अंकशास्त्राने एक अक्षर वाढवणाऱ्या समाजाने फार हसू नये हे बरे.

जोसन राजांची दफनस्थळे

जोसन राजवटीने ही विद्या केवळ लोकश्रद्धेवर सोडली नाही. खगोल, भूलक्षण आणि भाग्यगणित या विषयांची शासकीय परीक्षा होती आणि उत्तीर्ण झालेल्यांना दरबारातील खगोलविषयक कार्यालयात नेमले जाई. राजा मरण पावला की दफनापर्यंत साधारण पाच महिने जात. या अवधीत भूलक्षणतज्ज्ञ आणि मंत्री जागा पाहून येत, अहवाल देत, वाद घालत आणि शेवटी नवा राजा निर्णय देई. बांधकामासाठी तात्पुरते स्वतंत्र कार्यालय उघडले जाई व त्याच्या कामाची सचित्र नोंद ठेवली जाई. या राजविधींच्या नोंदवह्या युनेस्कोच्या 'जगाची स्मृती' यादीत २००७ मध्ये समाविष्ट झाल्या. राजवटीचा इतिवृत्तग्रंथ त्यापूर्वीच, १९९७ मध्ये, समाविष्ट झाला होता. म्हणजे एखादी जागा का निवडली हे आज अनुमानाने सांगावे लागत नाही. ते वाचता येते.

राजवटीची बेचाळीस राजदफनस्थळे आहेत. त्यांपैकी दोन उत्तर कोरियात केसॉंगजवळ असून दक्षिण कोरियातील चाळीस स्थळे, अठरा ठिकाणी विभागलेली, २००९ मध्ये जागतिक वारसा यादीत आली. राजधानीपासून दहा ते शंभर री, म्हणजे सुमारे चार ते चाळीस किलोमीटर, असा अंतराचा दंडक होता. राजाला वार्षिक विधीसाठी जाऊन परतता यावे हा त्यामागील व्यावहारिक हेतू. प्रत्येक स्थळाची रचना साधारण सारखी असते. प्रथम लाल खांबांचे प्रवेशद्वार, मग दगडी वाट. तिचा उंच भाग मृतात्म्यासाठी आणि सखल भाग राजासाठी असतो. त्यानंतर विधिगृह, त्यामागे हिरवा चढ, आणि चढाच्या माथ्यावर गवताने झाकलेला वर्तुळाकार ढिगारा. ढिगाऱ्याभोवती तीन बाजूंनी भिंत आणि दगडी मेंढे, वाघ, घोडे, मुलकी व लष्करी अधिकारी. पाहुण्याला खालून ढिगारा जवळजवळ दिसतच नाही. संस्थापक राजाचा ढिगारा मात्र इतरांसारखा कातरलेल्या गवताचा नाही. त्याच्या जन्मभूमीकडून आणलेले उंच गवत त्यावर लावले जाते, अशी परंपरा आहे.

दोन उदाहरणे विस्ताराने पाहण्याजोगी आहेत. कोरियन लिपीचा प्रवर्तक राजा सेजोंग १४५० मध्ये वारला. त्याचे दफन त्याच्या इच्छेप्रमाणे वडिलांच्या दफनस्थळाजवळ झाले. ती जागा अशुभ असल्याची कुजबुज आधीपासून होती. पुढील दोन दशकांत थोरला मुलगा अल्पकाळ राज्य करून वारला, नातवाला काकाने पदच्युत केले आणि त्याचा अंत झाला, त्या काकाचा वारसही तरुणपणी गेला. हे सारे जागेच्या माथी मारले गेले आणि १४६९ मध्ये सेजोंगचे अवशेष यॉजू येथे हलवण्यात आले. यॉजू हे शंभर री अंतराच्या दंडकाबाहेर होते. परंतु नदीमार्गाने तेथे लवकर जाता येते असा युक्तिवाद करून अडचण दूर करण्यात आली. त्या उत्तम जागी एका प्रतिष्ठित घराण्याची थडगी आधीच होती. ती त्यांना हलवावी लागली. शास्त्र कितीही सूक्ष्म असले, तरी जागा कोणाला मिळणार हे सत्तेने ठरते ही गोष्ट येथे उघड दिसते.

दुसरे उदाहरण राजा जोंगजोचे. त्याच्या वडिलांना, युवराज सादो यांना, १७६२ मध्ये आजोबांच्याच आज्ञेने तांदळाच्या पेटाऱ्यात कोंडून मारण्यात आले होते. जोंगजो गादीवर आल्यावर त्याने १७८९ मध्ये वडिलांचे दफनस्थळ सुवॉनजवळच्या प्रशस्त मानल्या गेलेल्या जागी हलवले. तेथे आधीपासून वसलेले सुवॉन गाव उचलून दुसरीकडे नवे शहर वसवले. त्या शहराभोवती १७९४ ते १७९६ या काळात ह्वासॉंग किल्ला बांधण्यात आला. तो १९९७ मध्ये जागतिक वारसा ठरला. पितृऋण, अन्यायाचे परिमार्जन, विरोधी गटांना शह, नव्या सत्ताकेंद्राची उभारणी हे सारे एका थडग्याच्या स्थलांतरात सामावले होते. या किल्ल्याच्या बांधणीत ज्याच्या बुद्धीचा मोठा वाटा होता, तो जोंग याक-योंग (१७६२ ते १८३६) हा विद्वान स्वतः पुंगसूचा टीकाकार होता. आपल्या प्रशासनविषयक ग्रंथात त्याने थडग्यांच्या जागांवरून होणारे खटले ही एक मोठी सामाजिक व्याधी म्हणून चर्चिली आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत असे खटले कोरियन न्यायव्यवस्थेवर खरोखरच भार झाले होते. दुसऱ्याच्या शुभ जागेत रात्री गुपचूप मृतदेह पुरणे हा त्यातील नेहमीचा प्रकार होता.

वैदिक स्मशानविचार

येथे असा आक्षेप येऊ शकतो की आपल्याकडे दहन असल्याने अशा विद्येला जागाच नव्हती. हे संपूर्ण खरे नाही. शतपथ ब्राह्मणाच्या तेराव्या कांडात अस्थींवर स्मशान, म्हणजे मातीचा उंचवटा, रचण्याचा विधी सांगितला आहे आणि त्यात जागेची चर्चा आश्चर्य वाटावे इतकी बारीक आहे. जमिनीचा उतार कोणत्या दिशेला असावा, पाणी कोणीकडून येऊन कोठे स्थिरावावे, जागा आडोशाची पण दुपारचे ऊन मिळणारी असावी, ती गावातून दिसू नये, कारण दिसल्यास दुसऱ्याला बोलावून घेते, असे नियम तेथे येतात. जागेजवळ काही रम्य वस्तू असावी, ती नसल्यास पाणी असावे, म्हणजे उत्तम प्रजा लाभते, असेही म्हटले आहे. आश्वलायन गृह्यसूत्रातही दहनभूमीची लक्षणे दिलेली आहेत.

याचा अर्थ असा की मृताच्या अस्थी ज्या भूमीत आहेत त्या भूमीचे गुण वंशजांना भोवतात किंवा फळतात, हा विचार आपल्या परंपरेला अपरिचित नव्हता. तो कोरियातून किंवा चीनमधून येण्याचे कारण नव्हते. मग तो पुढे क्षीण का झाला? प्रस्तुत लेखकाच्या मते याचे कारण अस्थिविसर्जनात आहे. तीर्थक्षेत्री, वाहत्या पाण्यात अस्थी सोडण्याची प्रथा सार्वत्रिक झाली आणि मृताचा भूमीशी असलेला शारीर दुवा तुटला. जे वाहून गेले त्याला टेकडीचा आडोसा लागत नाही. भूमीच्या लक्षणांची जागा पाण्याच्या माहात्म्याने घेतली. पुंगसूत पाणी शक्तीला अडवते, थांबवते. आपल्याकडे पाणी मृताला पुढे नेते. एकच घटक दोन संस्कृतींत अगदी उलट काम करतो.

मराठा समाधींच्या जागा

या दृष्टीने मराठा राजकुलांची आणि सरदारांची समाधिस्थळे पाहिली असता एक साधी गोष्ट प्रथम जाणवते. बहुतेक वेळा जागा 'निवडलेली' नसते. मृत्यूने ती ठरवलेली असते. शहाजी राजांचे १६६४ मध्ये कर्नाटकात होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून निधन झाले. समाधी तेथेच आहे. जिजाबाईंचे १६७४ मध्ये पाचाड येथे निधन झाले, समाधी पाचाडला. शिवाजी महाराज १६८० मध्ये रायगडावर, राजाराम महाराज १७०० मध्ये सिंहगडावर, पहिले बाजीराव १७४० मध्ये नर्मदाकाठी रावेरखेडी येथे, मल्हारराव होळकर १७६६ मध्ये आलमपूर येथे, महादजी शिंदे १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडी येथे. प्रत्येकाची समाधी वा छत्री त्या त्या ठिकाणी आहे. आपल्याच इंद्रायणीच्या प्रवाहाबरोबर खाली गेले तर भीमेच्या संगमावर तुळापूर लागते आणि त्याजवळ वढू बुद्रुक. संभाजी महाराजांच्या १६८९ मधील बलिदानाची ती स्थळे शत्रूच्या क्रौर्याने ठरली, कोणा ज्योतिषाने नव्हे. चाळीस राजदफनस्थळे राजधानीभोवती एका मापात बसवणारी जोसन राजवट आणि तंजावरच्या वाटेपासून नर्मदेपर्यंत पांगलेल्या मराठा समाधी यांतील हा फरक केवळ श्रद्धेचा नाही. एक सत्ता राजवाड्यात मरत होती, दुसरी बहुतांशी घोड्यावर.

परंतु गावाच्या वा गडाच्या आत नेमकी जागा कोणती, येथे थोडी निवड दिसते, आणि तिची दोन सूत्रे सांगता येतात : शिवालयाचे सान्निध्य आणि पाण्याचे सान्निध्य. रायगडावरील समाधी जगदीश्वर मंदिराच्या दारासमोर आहे. वानवडीला महादजींनी बांधलेले शिवमंदिर आणि त्यासमोर त्यांची छत्री अशी जोडी आहे. तळेगावात बनेश्वर आणि दाभाड्यांच्या समाधी. उमाबाईंचे उदाहरण येथे विशेष उपयोगी पडते. ताराबाईंच्या बाजूने पेशव्यांविरुद्ध उभ्या राहिलेल्या या सेनापतीण बाईंचे निधन १७५३ मध्ये पुण्यात झाले, पण त्यांची समाधी तळेगावात घराण्याच्या देवाजवळ आहे. म्हणजे मृत्यूने दिलेली जागा येथे ओलांडली गेली आणि ती ओलांडण्याचे कारण भूलक्षण नव्हे, तर कुलाचे ठाणे आणि पतीचे सान्निध्य हे होते, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

दुसऱ्या सूत्राचा सर्वांत ठळक नमुना म्हणजे साताऱ्याजवळचे संगम माहुली. कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर शाहू महाराजांची (मृत्यू १७४९) आणि ताराबाईंची (मृत्यू १७६१) समाधी आहे. हयातभर एकमेकांशी झगडलेली गादीची दोन टोके एकाच संगमावर विसावली. शाहूंच्या लाडक्या कुत्र्याचीही समाधी तेथे दाखवली जाते. पुंगसूचा जाणकार ही जागा पाहून कपाळाला हात लावील. पात्रालगतची, पुराच्या कक्षेतील, ओलसर जमीन ही त्याच्या लेखी सर्वांत वाईट, कारण पाणी हाडांपर्यंत पोहोचणे हा थडग्याचा मोठा दोष. माहुलीच्या समाधींना कृष्णेचा पूर आणि गाळ यांचा उपद्रव होतही आला आहे. तरीही जागा तीच, कारण येथे पाणी हा धोका नसून प्रयोजन आहे.

हे प्रयोजन किती घट्ट होते याचा दाखला साता समुद्रापलीकडे मिळतो. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासावरून परतत असता ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी वारले. अनोळखी शहर, अनोळखी कायदा, दहनाची प्रथा नसलेला समाज. तरीही त्यांचे दहन झाले ते आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, शहराच्या कडेच्या उद्यानात. १८७४ मध्ये तेथे छत्रीच्या धाटणीचे स्मारक उभारले गेले आणि ते आजही आहे. सोबतच्या मंडळींनी त्या परक्या भूमीत टेकड्या कशा आहेत हे पाहिले नाही. त्यांनी दोन प्रवाह कोठे मिळतात ते शोधले.

पूर्ण देह भूमीत ठेवण्याची परंपरा आपल्याकडे संन्यासी आणि योगी यांच्यापुरती आहेच. लिंगायतांसारख्या काही समाजांत ती सर्वांसाठी आहे. आळंदीला ज्ञानेश्वरांची १२९६ मधील संजीवन समाधी सिद्धेश्वराच्या शेजारी आणि इंद्रायणीच्या काठी आहे. येथे देह अखंड आहे, पण वंश नाही. राजकुलात वंश आहे, पण देह अखंड नाही. पुंगसूला लागणाऱ्या दोन्ही अटी एकत्र येणारे उदाहरण आमच्या परिसरात शोधायचे तर चिंचवडला जावे लागते. पवनेच्या काठी मोरया गोसावी यांची संजीवन समाधी आहे आणि त्यांचा देव घराण्याचा वंश पुढे नांदला. वंशजांच्या समाधीही तेथेच आहेत. म्हणजे कोरियन पंडिताला हवे ते सारे येथे आहे. तथापि या वंशाच्या भाग्याचे श्रेय परंपरा नदीच्या वळणाला किंवा जमिनीच्या उताराला देत नाही. ती ते मोरगावच्या गणपतीच्या प्रसादाला देते. कृपा देवाकडून येते, मातीतून नव्हे.

मातीशी नाते जोडणारी एक गोष्ट मात्र आपल्या बोलीत टिकून आहे. एखाद्याचे गाव सांगताना त्याची नाळ तेथे पुरली आहे असे आपण म्हणतो. जोसन राजघराण्यात राजपुत्रांची नाळ आणि वार शुभ टेकडी शोधून दगडी कोशात पुरली जाई. सेजोंगच्या मुलांच्या व नातवाच्या मिळून अशा एकोणीस कोशांचा समूह सॉंगजू येथे आहे. आपण जन्माचा दुवा मातीला आणि मृत्यूचा दुवा पाण्याला दिला. कोरियन राजांनी दोन्ही टेकडीला दिले.

भूमीवाचन गेले कोठे?

मराठ्यांना भूमी वाचता येत नव्हती असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. फक्त ते वाचन थडग्यासाठी नव्हते, गडासाठी होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेले, १७१५ च्या सुमारास लिहिलेले 'आज्ञापत्र' पाहावे. गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, गडाहून उंच व माऱ्यात असलेला शेजारचा डोंगर मोकळा ठेवू नये, वाटा किती व कशा असाव्यात, ही सारी चर्चा तेथे आहे. शेजारच्या डोंगराची उंची पुंगसूच्या जाणकाराला जितकी महत्त्वाची, तितकीच ती किल्लेदाराला; एकाला ती वाघासारखी दिसते, दुसऱ्याला तोफेच्या माऱ्यासारखी.

सोमाटण्यालगतच्या चौराईच्या डोंगरावर उभे राहून कोणीही हा प्रयोग करून पाहावा. पूर्वेच्या अंगाला घोरावडेश्वर, उत्तरेला इंद्रायणीपलीकडे भंडारा, दक्षिणेला पवनेचे खोरे. नाग, वाघ, कासव, पक्षी कसेही बसवता येतात. मावळासारख्या डोंगराळ मुलखात ते कोठेही बसतील. म्हणूनच एखाद्या जुन्या समाधीला वास्तुशास्त्राची वा भूलक्षणांची चौकट नंतर लावून दाखवली, तर त्याने काहीच सिद्ध होत नाही. जागा निवडताना निवडणाऱ्यांनी ती लक्षणे विचारात घेतली होती, असा समकालीन कागद पुढे ठेवला पाहिजे. कोरियात तो ठेवता येतो. आपल्याकडे जे कागद मोठ्या प्रमाणात ठेवता येतात ते देवस्थानांच्या सनदा, पूजाअर्चेच्या नेमणुका आणि घाटांच्या बांधकामाचे, आणि ते वरील दोन सूत्रांकडेच बोट दाखवतात.

संरक्षण कशाचे?

हा विचार केवळ विद्वत्तेचा नाही. त्याला एक तातडीची बाजू आहे. २०२१ मध्ये कोरियात एक प्रकरण गाजले. सोलजवळ गिम्पो येथील जांगनुंग या राजदफनस्थळाच्या समोर, परवानगीच्या वादात, उंच निवासी इमारती उभ्या राहिल्या आणि ढिगाऱ्यावरून समोरच्या ग्येयांग डोंगराकडे जाणारी दृष्टिरेषा बुजली. स्थळाच्या पाचशे मीटर परिघात वीस मीटरपेक्षा उंच बांधकामाला स्वतंत्र छाननी लागेल असा नियम २०१७ पासून होता. थडग्याच्या एका दगडालाही धक्का लागला नव्हता, तरी देशभर वाद झाला, कारण समोरचा डोंगर हा त्या थडग्याचा भाग आहे हे तेथे सर्वांना ठाऊक होते. इमारती अखेर पाडल्या गेल्या नाहीत. २०२२ पासून तेथे लोक राहू लागले. परंतु तक्रार काय होती हे निदान स्पष्ट होते.

आपल्याकडे राष्ट्रीय संरक्षित स्मारकांसाठी १९५८ चा कायदा आहे. २०१० च्या दुरुस्तीनुसार स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत नियमन आहे. राज्याचा स्वतंत्र कायदा १९६० चा आहे. वर्तुळ काढून अंतर मोजण्याची ही पद्धत सर्व स्मारकांना एकाच मापाने मोजते. संगमावरील समाधीचा खरा परिसर वर्तुळाकार नसतो, तो प्रवाहाच्या अंगाने लांबट असतो. वाळूउपसा दोन किलोमीटर वरच्या बाजूला होत असला तरी फटका माहुलीसारख्या ठिकाणच्या चौथऱ्याला बसू शकतो. जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले. त्यांत आपल्या मावळातील लोहगड आणि समाधीसह रायगड आहे. या नावातील 'भूदृश्य' हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण तटबंदीबरोबर तिच्याभोवतीचा मुलूखही जपण्याची जबाबदारी त्याने मान्य केली आहे. गडांसाठी जे मान्य झाले ते समाधींसाठी अजून झालेले नाही.

सोमाटणे, तळेगाव आणि त्यामधल्या पट्ट्यात महामार्ग, औद्योगिक क्षेत्र आणि निवासी संकुले यांचा विस्तार वेगाने होत आहे, आणि तो थांबावा अशी अपेक्षा करणे व्यवहार्य नाही. पण या भागातील महाविद्यालयांच्या इतिहास आणि भूगोल विभागांना एक काम एकत्र येऊन करता येईल. प्रत्येक समाधीची नोंद करताना लांबी, रुंदी आणि शिल्पे यांबरोबर तिचे नाते कशाशी आहे ते लिहावे : समाधीवर उभे राहिल्यावर देवळाचे दार दिसते का, पाण्यापर्यंतची वाट शिल्लक आहे का, मंदिर आणि समाधी यांच्यामध्ये केव्हा काय बांधले गेले, नदीचे पात्र किती सरकले. बनेश्वर आणि दाभाड्यांच्या समाधी येथून आरंभ केल्यास पवनेच्या बाजूने चिंचवड आणि इंद्रायणीच्या बाजूने तुळापूर अशा दोन नद्यांच्या दोन वह्या तयार होतील, आणि प्रत्येक वहीत एकेका वर्षाची पूररेषा भरत जाता येईल.